बखर बिनतारी चिमट्याची, अर्थात वडनेर भोलजीचा सूरसंग्राम

श्रोती सावध असावे. खामगाव परगण्याचे कर्णाबहाद्दर, लग्नसराईचे सेनापती, राजमान्य राजेश्री अन्वर मास्तर, सरदार व मालक 'गुलशन ब्रास बँड', यांजवर वैशाख मासी वडनेर भोलजी मुक्कामी जो बाका प्रसंग गुदरला, आणि बिनतारी चिमटा नामे यंत्राने त्यांत जी कामगिरी बजाविली, तिची हकीकत साद्यंत लिहून ठेवावी, ऐसा हुकूम मास्तरांचे कुटुंब ताहेरा बेगमसाहेब यांचा जाहला. मास्तरांचा हुकूम ऐसा होता कीं, काही एक लिहू नये. दोन्ही हुकूम पावले, तेव्हां कोणता वरिष्ठ याचा विचार करावा लागला नाही. सबब लिहिले असे. खोटे एक अक्षर नाही; कोठे वाढविले असल्यास केवळ शोभेस्तव वाढविले.

मास्तरांचा पराक्रम कोण न जाणे? शेगावापासून मलकापुरापावेतो ज्या ज्या नवरदेवाने घोड्यावर मांड टाकिली, त्याच्यापुढे मास्तरांची फौज चालिली. अंगी लाल डगला, खांद्यांवर सोनेरी झालर, माथां तुरा, आणि हाती पितळेचा ट्रम्पेट, ज्यास या बखरीत इतमामाखातर कर्णा म्हणावे. पाठीशी बडा बाजा, ढोल, ताशे, झांजा, आणि सर्वांमागे भोंगे व बॅटरी वाहणारी हातगाडी. मास्तरांनी कर्णा उचलावा आणि वऱ्हाडाने रुमाल काढून नाचावे, ऐसा शिरस्ता कैक वर्षे चालत आला होता.

परंतु या दौलतीचा पाया फार नाजूक. कर्णा ओठांवर टेकतो आणि ओठ दातांवर टेकतात, सबब मास्तराचा पुढला दात पडला कीं बँडवाले मोठ्या अदबीने खुर्ची आणून देतात, हातचा कर्णा काढून घेतात, आणि यापुढे गाडीजवळ बसून बॅटरीवर नजर ठेवावी ऐसी कामगिरी सांगतात. मास्तरांचे वालिद त्याच खुर्चीत बसून म्हातारे जाहले. ती लोखंडी, घडीची, हिरव्या पट्ट्यांची खुर्ची बँडच्या दुकानात खिळ्याला अद्याप टांगलेली होती, आणि मास्तर सकाळी कुलूप उघडून आत आले कीं तिजकडे पाठ करून उभे राहत. गर्दीचे भय नाही, उधळल्या घोड्याचे नाही, नाचऱ्या मेहुण्यांचे नाही. त्या खुर्चीचे मात्र मास्तरांस अंतःकरणापासून भय होते.

आणि गेल्या पावसाळ्यात जलंब फाट्यावर भुट्टा खात असता मास्तरांचा पुढला दात धारातीर्थी पडला.

हे वर्तमान बेगमसाहेबांखेरीज कोणास कळू दिले नाही. गुप्त मसलत जाहली, आणि तारेने अडकवावयाचा, हवा तेव्हां काढावा हवा तेव्हां लावावा ऐसा नवा दात करविला. दिसावयास मोठा देखणा, परंतु अंतरीचा फितूर. खालचे सूर असेतोवर जागेवर मुकाट उभा राही. वरच्या सुरास कर्णा जोराने ओठांवर दाबिला कीं हळूच सरके, आणि सूर डळमळे. बेगमसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते कीं, "अजी, ते कहाडून वाजवा न. घरी त बिना दाताचं मस्त वाजवता." परंतु मास्तरांनी तोवर नव्या दातासह तसबीर काढवून बस स्टँडासमोर फ्लेक्स लाविला होता. त्या फ्लेक्सवर मास्तर अख्खे हसत होते, आणि एवढे हसू परत घेणे सरदारास शोभेना.

मग हिवाळ्यात वडनेर भोलजीकर सहदेवराव यांच्या थोरल्या चिरंजीवांचे लग्न निघाले. हे सहदेवराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मास्तरांचे जुने स्नेही. स्वतः सहदेवराव घोड्यावर बसले, तेव्हां पुढे मास्तरांचाच कर्णा होता. गावच्या भीमजयंतीस दरसाल मास्तरांचीच फौज. ऐशा घरच्या लग्नात वरात ऐन रंगात असता, मास्तरांनी वरचा सूर घेतला, दाताने दगा दिला, आणि कर्णा म्हशीगत हंबरला. कोणी रिकामटेकड्याने त्याचे चित्रीकरण करून गावच्या व्हॉट्सॲपवर टाकिले, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या पिवळ्या तोंडांचा त्याखाली खच पडला. चित्रात कर्णे दोन दिसत होते आणि हंबरडा एकच ऐकू येत होता. कोणाचा, ते समजत नव्हते.

आता वैशाखात सहदेवरावांची कन्या धम्मशीला हिचे लग्न. सहदेवरावांचा खलिता मोबाइलवर पावला, तो येणेप्रमाणे: "अन्वरभाऊ, तुमाले सोडून दुसऱ्याले काऊन बोलावू मी? पोरगी त म्हन्ते, चाचा नाही त वरात नाही. पण तिच्या लग्नात हसू नाही झालं पाह्यजे. सूर लागत नसन त सांगून द्या, प्रेम डीजे आणून राह्यला." प्रेम म्हणजे सहदेवरावांचा पुतण्या. तरुण गडी, आणि त्याजपाशी घरे हादरविणारा भोंग्यांचा तोफखाना.

खलिता ऐकून मास्तरांच्या पायांखालची जमीन सरकली. वडनेर गेले म्हणजे एक लग्न गेले इतकेच नव्हे. वडनेरात हसे जाहले कीं सूर कोणाचा चुकला याची चौकशी निघेल, चौकशीत दात निघेल, आणि दातामागोमाग खिळ्यावरून खुर्ची निघेल. तेव्हां मास्तरांनी जे बहुतेक सरदार करतात तेच केले, म्हणजे दोष दुसऱ्याचे माथी मारिला.

दुसरा म्हणजे अकील. बेगमसाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ, मास्तरांच्या डाव्या हातास उभा राहणारा, दुसऱ्या कर्ण्याचा मानकरी. मास्तरांनी सर्व फौजेसमक्ष जाहीर केले कीं, बेसूर अकीलचा आहे, मला रोज कानाने कळते, नात्याकडे पाहून आजवर बोललो नाही. अकीलने एकवार मास्तरांकडे पाहिले, एकवार जमिनीकडे पाहिले, आणि "असन दुल्हाभाई" इतकेच म्हटले. तो काहीच भांडला नाही, याचे मास्तरांस त्या वेळी मोठे बरे वाटले.

परंतु मास्तरांची कन्या गुलनाज, जी खामगावी संगणकाचे वर्ग घेते, तिने नुसत्या कानांवर निवाडा मान्य केला नाही. तिने दूरदेशीहून बिनतारी चिमटा मागविला. त्याचे अवयव दोन. एक चिमटा, कपडे वाळवावयाच्या चिमट्याएवढा, तो कर्ण्याच्या भोंग्यास चावून बसतो. दुसरी दिव्याची पेटी, ती लांब कोठेही ठेवावी. मध्ये तार नाही, दोरी नाही, काही नाही. सूर बरोबर असल्यास पेटीवर हिरवा दिवा, चुकल्यास लाल. इतके सांगून गुलनाज वर्गास उशीर होतो म्हणून स्कुटीवर बसून गेली, आणि या घाईतच पुढील अनर्थाचे बीज पडले.

कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली, दरबार भरला. सतरंजीवर दोन्ही कर्णे ठेविले. चिमटा कोठे लावावा, हा प्रश्न निघाला. बँडवाल्यांचा सारा जन्म माइकशी गेलेला. माइक कोणाच्याही हाती असो, आसपासचे सर्व ऐकतो. आणि हा तर बिनतारी, तेव्हां हा आवारभर ऐकत असणार, यात बड्या बाजावाल्यापासून ताशेवाल्यापर्यंत कोणासही शंका आली नाही. मास्तरांनी फर्माविले कीं, बेडी आरोपीस घालतात, सबब चिमटा अकीलच्या कर्ण्यास लावावा. तसा लाविला. मग पहिली फुंक कोणाची? मास्तरांच्या आधी कोणी कर्णा ओठास लावू नये, हा बँडचा कायदा बापजाद्यांपासून चालत आलेला. सबब मास्तरांनी आपला स्वतःचा कर्णा उचलिला, मनात खुदाचे नाव घेतले, आणि डोळे मिटून फुंकिले.

डोळे उघडून पाहतात तो पेटीवर ना हिरवा ना लाल. पेटी गप्प. मास्तरांनी पुन्हा फुंकिले, वरचा सूर घेतला, दात सरकला तो जिभेने परत लोटला. तरी पेटी गप्प. मग मास्तरांस धैर्य आले आणि त्यांनी निवाडा सांगितला कीं, मशिनीपाशी आपल्याविरुद्ध बोलावयास एक शब्द नाही. फौजेने माना डोलाविल्या. मग अकीलने आपला चिमटा लाविलेला कर्णा उचलून फुंकिला, तोच पेटीवर लाल दिवा ऐसा पेटला कीं दोन ढोलवाले मागे सरले. "पाह्यलं?" मास्तर गरजले, आणि तत्क्षणी फर्मान सुटले. अकीलचा कर्णा जप्त, त्यास झांजेवर तैनात करावे, आणि वडनेरच्या मोहिमेत त्याने मास्तरांच्या मागे उभे राहावे. अकीलने झांजा घेतल्या आणि त्याच संध्याकाळच्या तालमीत मास्तरांच्या उजव्या कानाशी त्या ऐशा काही वाजविल्या कीं मास्तरांस जेवताना बेगमसाहेबांचे बोलणे ऐकू आले नाही. त्यांत बरेचसे बोलणे याच विषयावर होते.

गुलनाज वर्ग आटोपून आली, हकीकत ऐकली, आणि ओट्यावर बसून हसत सुटली. मग डोळे पुसून तिने वालिदांस समजाविले. "अब्बा, ते माइक नोहे. ज्या बाज्याले चिमटा लावला त्याचंच थरथरणं त्याले समजते. बाजूले बॉम्ब फुटला तरी त्याले काही घेणं नाही. तुमचा त सूर कोनी पाह्यलाच नाही अजून. अन् लाल म्हंजे काही चोर नोहे. उन्हानं पितळ तापते, सूर चढते. बाज्याची नळी जराशी बाहेर ओढायची, सूर उतरते, पुन्हा फुंकायचं, हिरवा लागते. अकील मामूले नळी ओढू त द्यायची न!"

मास्तर पांढरेफटक पडले. एक निरपराध मेहुणा झांजेवर धाडिला, याची शरम वाटली, खरेच वाटली. परंतु शरमेच्या मागून भीती आली, आणि भीती अंगाने मोठी होती. मास्तरांनी कन्येस ताकीद दिली कीं, ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ नये. आणि सर्व निजानीज होण्यापूर्वीच चिमटा उचलून तांदळाच्या डब्यात तळाशी दडविला.

तांदळाचा डबा बेगमसाहेबांच्या अमलाखाली, हे मास्तर भीतीपायी विसरले. दुसऱ्या दिवशी चिमटा सापडला. बेगमसाहेबांनी मास्तरांस काही विचारिले नाही. त्यांनी चिमटा पदराने पुसिला, आणि वडनेरी सहदेवरावांचे कुटुंब बेबीताई यांस फोन लाविला. दोघींचे बोलणे पुष्कळ वेळ चालले. त्याचे फळ ऐसे जाहले कीं, त्याच दुपारी सहदेवरावांचा दुसरा खलिता आला: "अन्वरभाऊ, मशीन आणली म्हन्ते तुमी! मंग काय पाह्यता! आपल्या गाडीवर उंच लावू तो दिवा, सगळ्या गावाले दिसू द्या. चिमटा तुमच्याच बाज्याले लावा. हिरवा लागला त प्रेमचा डीजे मी सोता वापस पाठवतो." मास्तर म्हणाले, फार छान. दुसरे म्हणणार काय?

मग मोहिमेचा दिवस उजाडला. फौज टेम्पोत चढली. ढोल खाली, त्यावर ताशे, त्यावर ताशेवाले, आणि बडा बाजा मागच्या फळीतून अर्धा बाहेर. बेगमसाहेब आणि गुलनाज यांस लग्नाचे आवतण होते, त्या पुढे बसल्या. ऊन ऐसे कीं नांदुऱ्याजवळ महामार्गावर थांबून सर्वांनी उसाचा रस घेतला, तरी पितळेस हात लावता येईना. मास्तरांनी रस घेतला नाही. ते खिडकीतून कपाशीची पळाटी काढलेली काळी शेते पाहत होते, आणि जिभेने दात चाचपत होते. टेम्पोच्या तळाशी एक कापडी पिशवी होती, तींत अकीलचा जप्त कर्णा होता. तो तेथे कोणी ठेविला, हे वाचणारांनी ओळखावे.

वडनेरी दाखल होऊन पाहतात तो चौकात प्रेमचा तोफखाना सज्ज. ट्रकभर भोंगे, आणि प्रेम स्वतः गॉगल लावून बटणावर बोट ठेवून बसलेला. सहदेवरावांनी हातगाडीवर घमेले पालथे घालून त्यावर दिव्याची पेटी बसविली. गुलनाजने चिमटा मास्तरांच्या कर्ण्यास लाविला, आणि त्यांच्या हातावर हात ठेवून हळूच म्हटले, "घाबरू नका अब्बा." मास्तर कधी घाबरले होते? परंतु तुरा सावरण्याच्या मिषाने त्यांनी दात एकवार दाबून पाहिला.

नवरदेव घोड्यावर चढले. विहारापासून मांडवाकडे वरात निघाली. मास्तरांनी एका भीमगीताची चाल धरिली. खालचे सूर लागले, आणि पेटीवर हिरवा दिवा लागला! वऱ्हाडाने आरोळी दिली, सहदेवरावांनी मिशीवरून हात फिरविला, आणि मांडवाच्या दारी पांढऱ्या साडीत उभी असलेली धम्मशीला टाचा उंचावून पाहू लागली. ऐसे वेशीपर्यंत सुखरूप चालले. मग चाल वर चढली. मास्तरांनी कर्णा ओठांवर दाबिला. फितुराने जागा सोडिली. सूर डळमळला, आणि सर्व गावादेखत दिवा लाल जाहला.

मास्तरांनी वरात थांबविली. ऊन फार, पितळ तापले, ऐसे सांगून नळी जरा बाहेर ओढिली, पुन्हा फुंकिले. लाल. आणखी ओढिली. हिरवा, लाल, हिरवा, लाल. पेटी सिग्नलसारखी नाचू लागली, आणि नळी कितीही ओढिली तरी सरकत्या दातास ती काय करणार? चौकातून 'धप्प' ऐसा एकच आवाज आला. प्रेमने तोफेस हात लाविला होता. घोडा दचकला. सहदेवराव कोणाकडेही न पाहता गमछ्याने तोंड पुसू लागले, आणि तेवढ्या गर्दीत मास्तरांस ती हिरव्या पट्ट्यांची खुर्ची समोर मांडलेली दिसली.

ऐशा समयी झांजा थांबल्या. अकील पुढे आला, कर्णा पुसण्याचे निमित्त केले, आणि मास्तरांच्या कानाशी लागला. "दुल्हाभाई, दात कहाडा."

"कोन्ता दात?"

"तोच. भुट्ट्याच्या वक्तीचा."

"तुले कोनं सांगतलं बे?"

"सांगाले कायले पाह्यजे? इतक्या वर्षांपासून बाजूले उभा हाव तुमच्या. तुमची फुंक बदलली ते मले नाही समजन त कोनाले समजन? सगळ्या बँडले मालूम हाय."

मास्तरांनी त्याच्या झांजांकडे पाहिले. "मंग झांजा काऊन घेतल्या तू? बोलला काऊन नाही?"

अकील कर्ण्याचा भोंगा पुसतच राहिला. "बोललो असतो त खुर्ची आणली असती न कोनी," तो म्हणाला. "माह्या नावावर खपते त खपू द्या म्हटलं."

हे ऐकून मास्तरांस काय वाटले, ते लिहावयास फारसी शब्द पुरत नाहीत आणि मऱ्हाटीही पुरत नाहीत. डोळे भरून आले. ते घामात खपले. मग मास्तरांनी सर्व गावासमोर, कॅमेऱ्यांसमोर, घोड्यावरील नवरदेवासमोर तोंडात दोन बोटे घातली, तारेसकट दात उपटून काढिला, आणि तलवार उचलावी तैसा उन्हात उंच धरिला. "हा घ्या! बेसूर हा होता. अकील नाही. तेव्हाही हाच होता, अन् आजही हाच हाय. माह्या मेव्हण्यावर म्या खोटा आळ घेतला!" खिंडारातून शब्दांबरोबर थोडे वारे आले, तरी शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले.

 मास्तरांनी दात अकीलच्या तळहातावर ठेविला, ओठ आवळिले, आणि कर्णा लाविला. त्यांनी मुद्दाम खालून सुरुवात केली नाही. ज्या सुराने दोन वेळा दगा दिला, त्याच सुरावर थेट चाल केली. सूर निघाला तो सरळ निघाला, आणि टिकला, आणि मास्तरांनी तो दम संपेतोवर सोडिला नाही. पेटीवर हिरवा दिवा लागला आणि हलला नाही. तोवर बेगमसाहेबांनी टेम्पोतून कापडी पिशवी आणून अकीलच्या हाती दिली होती. दुसरा कर्णा पहिल्यास जाऊन मिळाला, ढोल उठले, ताशे उठले, बेबीताईंनी फुगडीच घातली, आणि प्रेमने गॉगल काढून ट्रकवरून खाली उडी टाकिली, ती शरण येण्यास असावी, परंतु तो सरळ नाचू लागला. तोफखाना चौकात उभाच राहिला. त्याच्या भोंग्यावर कोणी तरी डगले वाळत घातले.

मांडवाच्या दारी धम्मशीलेने वाकून मास्तरांस नमस्कार केला आणि म्हणाली, "चाचा, दात नसला तरी तुमी हसताना चांगलेच दिसता." मंगल परिणय यथासांग जाहला. मग पंगतीस सहदेवराव मास्तरांशेजारी बसले, वरण-बट्टी वाढली, आणि सहदेवरावांनी आपली अख्खी वरची कवळी काढून पत्रावळीशेजारी ठेविली. "माह्यी त सगळी पलटनच फितूर हाय," ऐसे बोलून त्यांनी बट्टी वरणात कुसकरली. दोघेही मित्र पोटभर जेवले.

येणेप्रमाणे वडनेर भोलजीची मोहीम फत्ते जाहली, ती कलमबंद केली असे. अकील यांस दुसऱ्या कर्ण्याचा मान बहाल, झांजा परत घेतल्या. चिमटा यापुढे दर मोहिमेस प्रथम मास्तरांच्या कर्ण्यास लागावा, मग इतरांच्या, ऐसा नवा कायदा जाहला. फितूर दात बेगमसाहेबांच्या पानदानात कैद आहे. चणे-फुटाणे खाण्यापुरती त्यास सुटका मिळते. बस स्टँडासमोरील फ्लेक्स बदलिला. नव्या तसबिरीत मास्तर खिंडारासकट हसत आहेत, आणि शेजारी अकील आहे.

आणि ती खुर्ची खिळ्यावरून खाली काढिली. तालमीच्या वेळी ती दुकानाच्या मधोमध मांडितात आणि दिव्याची पेटी तिजवर ठेवितात, कारण तेवढ्या उंचीवरून ती सर्वांस नीट दिसते. मास्तर आता रोज सकाळी कुलूप उघडून आत येतात, कर्णा हाती घेतात, आणि खुर्चीकडे तोंड करून उभे राहतात.